अकोल्याचा कुलर समुद्रावर

मी कुलर बोलतोय. पत्र्याचा, दोन फुटी, निळा. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, समोर जाळी, पोटात पाण्याची टाकी. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, कुलर तर आमच्याही घरी आहे. असेल ना. पण तुमचा कुलर खिडकीत बसलेला असेल. मी समुद्रापासून शंभर पावलांवर एका पडवीत उभा आहे, आणि इथवर मी व्हॅनच्या टपावर बसून, आठशे-साडेआठशे किलोमीटरची हवा खात आलोय. तुमच्या कुलरला विचारा, त्यानं गावचा पूल तरी ओलांडलाय का.

माझा जन्म अकोल्याचा. फेब्रुवारी लागला की आमच्याकडे रस्त्याच्या कडेनं कुलरच्या रांगा उभ्या राहतात, तशाच एका रांगेत मी उभा राहिलो. मला बनवलं प्रीतम तायडेनं. मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरणं, आणि कुलर, असं त्याचं छोटंसं दुकान. पत्रा त्यानंच कापला, पंखा त्यानंच बसवला, आणि पहिल्यांदा पाणी भरून बटण दाबलं तेव्हा मी असा काही थरथरलो की शेजारचे दोन कुलर सरकले. प्रीतम खूश. म्हणाला, "हा इकत नाई मी. हा घरीच नेतो."

मग काय, घरात माझा थाट. शेहेचाळीस डिग्रीत माणसं देवासमोर बसत नाहीत इतकी कुलरसमोर बसतात. पाहुणा आला की त्याला पाणी नंतर, आधी "या, कुलरसमोर या." मधे कोणी बसायचं त्यावरून माझ्यासमोर कितीतरी रुसवे-फुगवे झाले. लाइट गेली की घरातली झाडून सगळी माणसं माझ्याकडे अशी पाहायची जसं काही मीच फ्यूज काढलाय. आणि उन्हाळा संपला की तोंडावर जुनं लुगडं टाकून विसरायची. दिवाळीत माझ्या डोक्यावर चिवड्याचा डबा असतो. हा असा आपला मान, चार महिन्यांचा.

प्रीतमची बायको प्रियदर्शनी. माहेर अमरावतीचं. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि त्याच्याही आधीपासून ती सरकारी भरतीच्या परीक्षा देत होती. दवाखान्यात रक्त-बिक्त तपासतात ना, त्या प्रयोगशाळेच्या जागेसाठी. माझ्या वाऱ्यानं तिच्या पुस्तकाची पानं उडायची, म्हणून ती पानावर स्टीलचा गिलास ठेवून वाचायची. या एप्रिलमध्ये तिच्या नेमणुकीची ऑर्डर आली. सासूनं, म्हणजे जाईबाईनं, गल्लीभर पेढे वाटले. मग प्रीतमनं मोबाईलवर गाव शोधलं.

गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राच्या काठावर. पंधरा जूनच्या आत हजर व्हायचं.

जाईबाईनं पेढ्यांच्या डब्याला झाकण लावलं.

"तू जाय," प्रीतम म्हणाला. "मी इथं राह्यतो. दोन-तीन महिन्यातून एकदा चक्कर मारत जाईन."

"मंग लग्न काहून केलं? माहेरीच राह्यली असती," प्रियदर्शनी म्हणाली. "अलग राहून मले नोकरी करायची नाई. जाऊ तं दोघं जाऊ, नाई तं कोणीच नाई."

"अन माह्यं दुकान?"

प्रियदर्शनीनं ती ऑर्डर घडी करून पर्समध्ये ठेवली. चार वर्षांचा अभ्यास, एका घडीत. मला तेव्हाच कळलं की ही बाई खरंच नोकरी सोडून देईल आणि पुन्हा त्याबद्दल एक शब्द काढणार नाही. आणि ते लय वाईट असतं.

तीन दिवसांनी प्रीतम दुकानातून पळतच आला. त्यानं मोबाईलवर त्या भागातली कुलरची दुकानं शोधली होती.

"प्रिया, त्या अख्ख्या पट्ट्यात कुलरचं एकबी दुकान नाई."

"मंग?"

"मंग काय, मैदान साफ. पहिलं दुकान आपलं."

आता इथं एक साधा प्रश्न होता. का नाही बाप्पा एकही दुकान? पण तो प्रश्न प्रीतमनं विचारला नाही, प्रियदर्शनीनं विचारला नाही, जाईबाईनं विचारला नाही. आणि मी तर काय, माझी टाकी अभिमानानं भरून आली होती. आम्हा अकोल्याच्या लोकांना उकाडा म्हणजे कुलर, यापलीकडे तिसरी गोष्ट सुचतच नाही.

ठरलं असं, की मे महिन्यात चार-पाच दिवस जाऊन यायचं. तिनं समुद्र पाहायचा, कारण तिनं तो कधी पाहिलाच नव्हता, आणि त्यानं मार्केट पाहायचं. जमलं तर नोकरी, नाही जमलं तर घडी केलेला कागद. सॅम्पल म्हणून मला घ्यायचं. जाईबाईनं ज्वारीच्या भाकरी, ठेचा, तिळाची चटणी, पन्नास पापड आणि पाण्याच्या दोन कॅन दिल्या, "तिकडचं पाणी बाधते" म्हणून. मला नायलॉनच्या दोरीनं व्हॅनच्या टपावर बांधलं. बसायला जागा म्हणाल तर अख्ख्या गाडीत सगळ्यात भारी जागा माझी.

बाळापूरला चहाला थांबलो तिथं नत्थुजी भेटले, प्रीतमचे जुने गिऱ्हाईक.

"काय भौ, कुलर कुठी निंगाला?"

"समुद्रावर."

नत्थुजींनी बशीतला चहा संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याले पोहता येते काय?"

प्रियदर्शनी त्या वेळी हसली नाही. पुढं चिखलीपर्यंत मात्र मधेमधे एकटीच हसत होती.

पुण्यात सिग्नलला बाजूच्या गाडीतल्या पोरींनी माझे फोटो काढले. खाली प्रियदर्शनीनं ओढणीत तोंड लपवलं. मी कशाला लपवू? मी जाळी पुढं करून बसलो. रात्रीचा मुक्काम कोल्हापूरला झाला आणि सकाळी घाट उतरायला लागलो तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी विचित्र वाटलं. माझं गवत ओलसर झालं होतं. कोणी पाणी टाकलं नव्हतं, तरी ओलसर. म्हटलं, असेल दव.

मग एका वळणावर झाडी संपली आणि खाली तो दिसला.

प्रीतमनं गाडीच थांबवली. दोघं उतरून रस्त्याच्या कठड्याशी गेले. मग प्रीतम म्हणाला, "एवढं पाणी. अन आपल्याकडं नळ आठ-आठ दिवस येत नाई."

"तुमाले हेच आठवलं का आत्ता?"

"मंग काय आठवू?"

पहिल्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा तिथं कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. भेळेची गाडी नाही, घोडा नाही, उंट नाही. एका बाजूला काळे खडक, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, आणि मधे नुसती ओली चकचकीत वाळू. प्रियदर्शनी चपला हातात घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली. लाट आली की एक पाऊल मागं, लाट गेली की दोन पावलं पुढं. टपावरून मला तिची पाठ दिसत होती. त्या पाठीवरून कळत होतं, की हिला इथून निघायचं नाहीये.

प्रीतम आपला वाळूत फिरून सर्व्हे करत होता.

"प्रिया, इथं तं माणूसच नाई. कुलर काय खेकड्याले इकू?"

"पाच मिनिटं गप बसा ना."

तो बसला. दोन मिनिटं.

दुसरा किनारा त्याहून छोटा, दोन टेकड्यांच्या मधे लपलेला. तिथं एक बाई मासळी वाळत घालत होती. प्रीतमला गिऱ्हाईक दिसलं. "मावशी, उन्हाळ्यात तुमी हवेसाठी काय करता?" त्या बाईनं हातातली मासळी न सोडता कोपरानं समुद्राकडे दाखवलं आणि पुन्हा कामाला लागली. प्रीतमनं तरी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

तिसऱ्या किनाऱ्याच्या काठावरच आमची खोली होती, धोपटकर काकूंच्या घरात. इथल्या दवाखान्यातल्या एका माणसानं सुचवलेली. काकू पडवीत सुपारी सोलत होत्या. मला खाली उतरवलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"हे काय आणलंत? देव्हारा?"

"कुलर आहे काकू. हवा थंड करायले."

"कूलर?" त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, "पाणी जरा जपून वापरा हं. विहिरीवरचा पंप जळलाय. पोहऱ्यानं काढतेय मी."

आता पुढं जे झालं त्याचा दोष प्रीतमला देऊ नका. ज्या माणसानं आयुष्यभर पाणी साठवून, झाकून, पुरवून वापरलं, त्याच्यासमोर एकदम अरबी समुद्र ठेवला की असंच होणार. तो म्हणाला, साठ वर्षांच्या बाईनं पोहऱ्यानं काढलेलं गोडं पाणी कुलरात ओतणं म्हणजे पाप आहे. आणि जाईबाईनं दिलेल्या दोन्ही कॅन रिकाम्या करून तो निघाला आणि समुद्र भरून आणला.

हाव, खरंच. मला समुद्राचं पाणी पाजलं.

दुपारचं जेवण झालं होतं. प्रीतमनं दारं-खिडक्या लावल्या, आपल्याकडे लावतात तशी, म्हणजे थंडावा बाहेर जात नाही. आणि बटण दाबलं. मी माझं सगळं कसब पणाला लावलं, शपथ. माझ्या एका वाऱ्यावर या बाईची नोकरी आहे, हे मला माहीत होतं. मी जीव तोडून फिरलो.

आणि माझ्या तोंडातून जी हवा निघाली ती म्हशीच्या उच्छ्वासासारखी. ओली, कोमट, वर खारट.

"कसं वाटून राहिलं?" प्रीतमनं विचारलं.

"थंड नाई वाटत. ओलं वाटून राहिलं."

"सेट व्हायले वेळ लागते." त्यानं मला जोरात केलं.

दहा मिनिटांत जाईबाईचे पन्नास पापड हातरुमालासारखे लोंबायला लागले. भिंतीवरचं कॅलेंडर मान टाकून खाली आलं. प्रीतमनं ओठावरून जीभ फिरवली तर ओठ खारट. चादर पिळली असती तर मीठ निघालं असतं. आणि मग टाकीतली वाळू माझ्या छोट्या पाण्याच्या मोटरीत अडकली, मी दोनदा घरघरलो, आणि ती मोटर कायमची गेली. पंखा तेवढा फिरत राहिला, निर्लज्जासारखा.

काकूंनी दार उघडलं. "बंद करा हो ते. इथं हवेतच एवढं पाणी आहे, त्यात आणखी कुठं घालताय? म्हणून तर इकडं कोणी कूलर ठेवत नाही."

प्रीतम खाटेच्या काठावर बसला. मैदान साफ होतं, कारण तिथं तो खेळच नव्हता. हे त्याला आत्ता कळलं, मला कळलं, आणि प्रियदर्शनीला तर आमच्या दोघांच्याही आधी कळलं होतं. तिनं एकेक पापड उचलला आणि दोरीवर वाळत घातला.

मला उचलून पडवीत टाकलं. खरं सांगतो, भंगारवाल्याकडे गेलो असतो तरी इतकी लाज वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पडवीच्या पायरीवर चहा घेत बसले, माझ्या अगदी समोर. समुद्र गुळगुळीत होता. प्रियदर्शनीनं पर्समधून तो कागद काढला.

"आज दवाखाना पाहायला जायचं होतं ना, ते राहू द्या. मी नाही म्हणून लिहून देते."

प्रीतम कपात पाहत होता. "काहून?"

"तुमी इथं काय करसान? खेकडे मोजसान?"

"तू एकटी..."

"ते बोलणं झालंय आपलं." तिनं कागदाची घडी पुन्हा नीट केली. "समुद्र पाह्यला ना. झालं."

असं सहज बोलली ती. भाजी घेतली, झालं, तसं. प्रीतमनं उरलेला चहा पायरीखाली ओतला. माझी वायर लावलेली असती तर मी निदान आवाज तरी केला असता.

तेवढ्यात काकू पोहरा घेऊन विहिरीवरून आल्या, धापा टाकत, स्वतःशीच बडबडत. तालुक्याचा मिस्त्री म्हणतोय आठ दिवसांनी येतो. आठ दिवसांत माझे माड मान टाकतील. सुपाऱ्यांची तर आताच पानं पिवळी पडलीत.

"कितीची मोटर आहे काकू?" प्रीतमनं विचारलं. सवयीनं विचारलं हो, मनात काही नव्हतं.

"मला काय ठाऊक कितीची? पडलीय तिथं, बघा जाऊन."

तो गेला. मोटर उचलून आणली, पडवीत मांडी घातली, चार नट काढले आणि तिचं पोट नाकाशी धरून वास घेतला. जळलेल्या तारेचा वास मोटरवाल्याला असा कळतो जसा आईला पोराच्या तापाचा. "पूर्ण जळली," तो म्हणाला, आणि मी पाहिलं, कालपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. व्हॅन दुकानाचीच, त्यामुळे तांब्याच्या तारेची गुंडाळी, कागद, वार्निश सगळं मागं पडलेलं होतं.

दिवसभर तो तार गुंडाळत होता. प्रियदर्शनी शेजारी बसून वेढे मोजत होती. रक्ताच्या थेंबातल्या पेशी मोजायला शिकलेली बाई ती, तिचा एक वेढा चुकेल तर शप्पथ. प्रीतम तीनदा चुकला.

"अडतीस झाले."

"चाळीस झाले असन."

"अडतीस."

त्यानं उलगडून पाहिलं. अडतीसच होते.

वार्निश लावल्यावर प्रश्न आला वाळवायचा. इथल्या हवेत काही लवकर वाळतच नाही ना. प्रीतमनं इकडं-तिकडं पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर आली. काकूंनी स्वतः दोन पोहरे गोडं पाणी काढून माझं पोट धुतलं, ताट्या काढल्या, आणि मला कोरडाच, नुसता पंखा म्हणून, त्या मोटरीसमोर लावलं. मी रात्रभर फिरलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला कोरडा वारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंपानं पाणी फेकलं. काकू म्हणाल्या, "बरं झालं." एवढंच. मग आत जाऊन दोन शहाळी सोलून आणली आणि पुन्हा एकदा म्हणाल्या, "बरं झालं हो." इकडं यालाच कौतुक म्हणतात, हे मला नंतर समजलं.

जेवायच्या आधी शेजारचा माणूस स्कूटरवर मोटर घेऊन हजर. जेवणानंतर दुसरा, तोही मोटर घेऊनच. खारी हवा मोटरी खाते, काकू म्हणाल्या, इथं घरटी एक तरी जळकी मोटर सापडेल. प्रीतम मान खाली घालून वेढे घालत होता. कुलरबद्दल त्यानं दिवसभरात एक शब्द काढला नाही. थोडं लागलं मला, नाही असं नाही. पण संध्याकाळी तो स्वतःहून किनाऱ्यावर गेला आणि बायकोशेजारी बसला, आणि मी पडवीतून पाहिलं, अर्धा तास गप बसला. वही नाही, सर्व्हे नाही.

प्रियदर्शनीनं त्याला काही विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाला तर, या भीतीनं असेल. त्यानंही काही सांगितलं नाही. आमच्याकडची माणसं तिसऱ्याच्या लग्नावर तासभर बोलतील, आपल्या पोटातलं मात्र ओठावर येत नाही.

चौथ्या दिवशी निघायची वेळ झाली. व्हॅनमध्ये सामान भरलं. नायलॉनची दोरी टपावर तशीच लोंबत होती. काकू निरोप द्यायला उभ्या. प्रियदर्शनी गाडीत बसता बसता थांबली.

"कुलर राह्यला. चढवा ना."

"राहू दे."

"काहून? जड आहे म्हणून? काकूंच्या गळ्यात काहून टाकता?"

प्रीतम दोरी सोडून तिची गुंडाळी करत होता. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना आपण, तसा टाकून राहिलो. जागा धरून ठेवतो. काकू, ही खोली कोणाले देऊ नका. पंधरा तारखेच्या आत येतो आमी."

प्रियदर्शनी दाराला धरून उभीच राहिली.

"मले इचारलं तरी का?"

"तुलेच इचारून राहिलो ना. बस आता गाडीत, घाट लागायच्या आत ऊन वाढते."

ती बसली. दार दोनदा आपटलं, पहिल्यांदा नीट लागलंच नाही. गाडी वळणापर्यंत गेली तोवर मला मागच्या काचेतून तिचं तोंड दिसत होतं. ती माझ्याकडे पाहत होती. दोन वर्षं माझ्यासमोर बसली, पण इतकं प्रेमानं कधी पाहिलं नव्हतं.

तर असा मी, दोन फुटी पत्र्याचा रुमाल.

आज जूनची बारा तारीख. तिनं होकार कळवलाय. जाईबाईचा काकूंना फोन आला होता, तिकडं ज्वारी मिळते का विचारायला. खोलीला चुना लावून झालाय. माझे खालचे कोपरे गंजलेत, निळा रंग पापुद्र्यांनी सुटतोय, पाण्याची मोटर तर गेलीच. काकूंनी माझ्या ताट्यांचं गवत काढून टाकीत कोंबलं होतं, उडायला नको म्हणून. एक तारखेला त्यांची तांबडी कोंबडी बाजूच्या उघड्या भागातून आत शिरली, गोल फिरली, गवत पायानं नीट केलं आणि बसली. तेव्हापासून उठली नाही. त्याच दिवशी काकूंनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली.

आयुष्यभर मी माणसांना गारवा दिला. आता पोटात ऊब धरून बसलोय. आणि खोटं कशाला बोलू, मला आवडतंय.

फक्त एक विनंती आहे, आणि ती प्रीतमपर्यंत कोणीतरी पोचवा. परवा-तेरवा तू येशील. सामान उतरवायच्या आधी माझ्याकडे येशील, आणि सवयीनं वायर लावून बटणावर बोट ठेवशील, पंखा तरी चालू आहे का पाहायला. चालू आहे रे बाबा. तू बनवलाय, चालूच असणार. पण हात जोडतो, दाबू नको. पिल्लं बावीसला निघणार आहेत.